उणे एकोणपन्नास

मोजलं तर अंतर एकशे ऐंशी मीटर.
मध्ये कालवा.
अलीकडे पानसे डॉक्टरांचा दवाखाना,
पलीकडे त्यांचंच एक्स-रेचं मशीन,
कारण अलीकडच्या सोसायटीनं मशीनला 'ना' म्हटलं, एकमतानं,
इतर कशावरही त्यांचं एकमत होत नाही.
केबल टाकायची तर पाटबंधारे खात्याचा कागद हवा
आणि तो कागद तीन वर्षं
कुठल्याशा टेबलावर पालथा झोपलाय.

म्हणून मी. शिडी, ड्रिल, परातीएवढ्या दोन डिश.
फेब्रुवारीतली सकाळ, पर्वती धुक्यातून अर्धी वर आलेली,
इरफान पलीकडच्या गच्चीवर, मी अलीकडच्या,
चादरी वाळत घातलेल्या, त्यांच्यात डोकं खुपसून.
"सिंहगडाच्या टॉवरपासून दोन बोटं डावीकडे."
"कुणाची बोटं, ताई? तुमची का माझी?"

उणे ब्याऐंशी.
उणे एकाहत्तर.
या धंद्यात सगळे आकडे उणेच,
शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं.
हे मी घरी सांगत नाही.
उणे साठ. हलू नकोस. खोकू पण नकोस.
उणे एकोणपन्नास.
नट आवळ.

खाली पडद्यावर पहिला फोटो उतरला :
सात वर्षांच्या कुणाचं तरी मनगट, केसाएवढी भेग.
कालव्यावरून आलं ते हाड,
पाण्याला न शिवता, बगळ्याच्या डोक्यावरून.
चांगुणा मावशी दारात, हातात तपकिरी पाकीट, रिकामं.
बारा वर्षं त्या पुलावरून वळसा घालून
अकरा मिनिटांत आणायच्या एकेक मोडलेलं हाड.
"आलं? कुठनं आलं?"
मी वर बोट केलं.
त्यांनी पाकिटाची घडी घातली, कमरेला खोचली.

चैत्रात फोन. फोटो अर्धेच येतात.
फासळ्या गळ्यापर्यंत, पुढे नुसतं राखाडी.
उणे अठ्ठ्याहत्तर.
वायर बदलली, पाणी शिरलंय का पाहिलं,
कबुतरांवर संशय घेतला,
इरफानला उगाच झापलं.
मावशी पुन्हा पुलावरून जायला लागल्या होत्या.
आल्या, पदरानं मान पुसली, म्हणाल्या,
"वाटेत सावली मात्र आली हो परत."

पिंपळ.

तेव्हा तो नुसत्या काटक्या होता,
त्याच्या आरपार पलीकडची डिश दिसली
आणि मी वहीत लिहिलं : दिसतंय.
एवढंच. दिसतंय.
दिसणं पुरत नाही, मधल्या हवेला पोट असतं,
रेषेच्या भोवती फुगायला तिला जागा लागते,
हे मीच शिकवते नव्या पोरांना, वीस वर्षं,
चहाच्या कागदी कपावर पेननं काढून.
आता तिथे तांबूस, ओलं, कोवळं पान
आणि पानापानाला तहान.

डॉक्टर म्हणाले, एक फांदी, कुणाला कळतंय?
मावशी तिथेच उभ्या होत्या, चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत.
मी म्हटलं, खांब वाढवू. आठ फूट.
"खर्च?"
निम्मा माझा. वही माझी होती.

आठ फुटांवर वारा वेगळा लागतो.
तीन ताणतारा, सहा खिळे, एक नख गेलं.
इरफान पलीकडून ओरडला, फोन न लावता,
आणि ऐकू आलं.
उणे एकावन्न.
आधीपेक्षा दोन कमी. असू देत. ते दोन पिंपळाच्या खात्यावर.

मावशी अजूनही चारच्या सुमाराला पुलावरून जातात.
सहीचा कागद हवेतून येत नाही, असं त्या सांगतात.
येतो.
मी बोललेले नाही.